अ‍ॅम्प मुरतो की कान?

हेडफोनच्या नादी लागलेल्या माणसांशी पाच मिनिटं बोललं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पहिल्या दिवसावर जाऊ नका. शंभर तास चालू दे, मग ऐका." नवा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घरी आणला की सुरुवातीला त्याचा आवाज म्हणे कोरडा आणि टोचणारा असतो. मग हळूहळू तो मोकळा होतो, बास भरतो, गाणाऱ्याचा गळा मऊ लागतो. याला 'बर्न-इन' म्हणतात. मी मराठीत त्याला मुरणं म्हणते. लोणचं मुरतं, तसा अ‍ॅम्प मुरतो.

माझं संशोधन आवाजाच्या यंत्रांची तुलना माणसं कशी करत आली, त्या पद्धतींच्या इतिहासावर आहे. त्यामुळे "हे मुरणंबिरणं खरं असतं का गं?" हा प्रश्न मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. छोटं उत्तर असं की आजचा, नीट बांधलेला ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प कानाला कळेल इतका मुरत नाही. पण या उत्तरावर थांबलं की प्रश्न विचारणारा वेडा ठरतो, आणि तो वेडा नसतो. कारण एके काळी अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच बदलायचे. वर्षावर्षाला नाही, तासातासाला. ते बदलू नयेत म्हणून इंजिनिअरांनी उमेदीची वर्षं घातली आणि शेवटी जमवलं. यंत्र बदलायचं थांबलं, पण ऐकणाऱ्यांना बदल जाणवायचा काही थांबला नाही. मग तो बदल गेला कुठे? आजचा लेख त्याच्या शोधाचा.

आधी हेडफोन, मग अ‍ॅम्प

आज आपण हेडफोन घेतो आणि मग त्याला साजेसा अ‍ॅम्प शोधतो. इतिहासातही क्रम साधारण तोच आहे. अमेरिकेतल्या युटाहमधल्या नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० साली स्वयंपाकघरात हातानं बनवलेले इअरफोन अमेरिकी नौदलाला पाठवले. नौदलाला ते पसंत पडले, मागणी आली, आणि बाल्डविन यांची पंचाईत झाली. स्वयंपाकघरात एका वेळी बनणार तरी किती?

या हेडफोनना अ‍ॅम्प नव्हताच. बिनतारी संदेशाचा जो क्षीण विद्युतप्रवाह यायचा, त्याच्यावरच पडदा हलायचा. म्हणून सगळी हुशारी हेडफोन जास्तीत जास्त संवेदनशील करण्यात होती.

दरम्यान ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन टोकांची निर्वात नळी तयार केली होती. तिचा खरा उपयोग, म्हणजे क्षीण प्रवाह मोठा करणं, पुढच्या काही वर्षांत लोकांच्या ध्यानात आला. आपल्याकडे जिला सरळ 'व्हॉल्व्ह' म्हणतात, ती ही नळी. २५ जानेवारी १९१५ ला न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को ही टेलिफोनची लाइन सुरू झाली, ती या व्हॉल्व्हच्या जोरावर. वाटेत आवाज क्षीण झाला की अ‍ॅम्प्लिफायर तो उचलून पुढे ढकलायचा.

आणि इथेच बदलत्या आवाजाची कटकट सुरू झाली.

दर तासाला कुणीतरी उठायचं

व्हॉल्व्ह म्हणजे एक छोटी भट्टीच. आत तार तापते, तिच्यामुळे कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन उडतात. म्हणून व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्याबरोबर बोलत नसे. आपल्याकडे ज्या घरांत मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ होता, तिथली जुनी माणसं हे अजून सांगतात: कळ फिरवली की डायल उजळायची, मग अर्धा मिनिट शांतता, आणि मग दुरून चालत यावा तसा आवाज मोठा होत यायचा. 'रेडिओ तापू दे' हे तेव्हा रोजचं वाक्य होतं आणि शब्दशः खरं होतं.

तापण्यापलीकडेही बदल होता. नव्या व्हॉल्व्हचा कॅथोड लगेच स्थिर होत नसे, म्हणून कारखान्यातच व्हॉल्व्ह काही काळ चालवून घेत. मगच तो विकायला जायचा. पुढे वापरता वापरता कॅथोडमधून इलेक्ट्रॉन कमी सुटू लागायचे आणि व्हॉल्व्ह म्हातारा व्हायचा. बॅटरीचा दाब खालीवर झाला तरी अ‍ॅम्पचं बळ बदलायचं. घरातल्या एका रेडिओत हे चालून जातं. पण लांबच्या टेलिफोन लाइनवर एकामागून एक अनेक अ‍ॅम्प असतात. प्रत्येकानं थोडं थोडं बळ बदललं, प्रत्येकानं आवाजात थोडा थोडा विकार घातला, तर शेवटच्या टोकाला काय ऐकू येणार?

न्यूयॉर्कमधले टेलिफोन कंपनीचे तरुण इंजिनिअर हॅरल्ड ब्लॅक यांच्यापुढे हा प्रश्न होता. १९२३ मध्ये त्यांनी एक युक्ती काढली. अ‍ॅम्पमधून बाहेर पडलेल्या आवाजातून मूळ आवाज वजा करायचा, म्हणजे उरतो तो निव्वळ विकार. तो विकार वेगळ्या अ‍ॅम्पनं मोठा करून पुन्हा वजा करायचा. कागदावर झकास. प्रत्यक्षात दोन्ही अ‍ॅम्पचं बळ तंतोतंत जुळलेलं लागे, आणि व्हॉल्व्ह तर सतत सरकत राहायचे. ब्लॅक यांनी पुढे लिहिलेल्या आठवणीत आहे की दिवसरात्र, दर तासाला कुणीतरी उठून तारेचा प्रवाह नीट करावा लागायचा.

ही आठवण पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं, आणि मग वाटलं की सबंध विषयाची किल्ली इथेच आहे. यंत्राचा आवाज काळानुसार बदलतो, ही तेव्हा आवडनिवडीची गोष्ट नव्हती. ती डोकेदुखी होती, आणि तिच्यासाठी पाळीवर माणूस बसवायला लागायचा.

हडसन नदीवरची फेरी

२ ऑगस्ट १९२७. ब्लॅक कामावर जायला होबोकनहून मॅनहॅटनच्या फेरीत चढले. नदी ओलांडताना त्यांना एकदम सुचलं, आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कोऱ्या जागेवर त्यांनी आकृती आणि समीकरणं काढली. कल्पना अशी: अ‍ॅम्पला गरजेपेक्षा कितीतरी जास्त बळ द्यायचं, आणि बाहेर आलेल्या आवाजाचा छोटा हिस्सा उलटा करून पुन्हा आत सोडायचा. बळ घटतं, पण जे उरतं ते जवळपास अचल राहतं. हाच निगेटिव्ह फीडबॅक.

आकड्यांत बघू, म्हणजे जादू कळेल. समजा अ‍ॅम्पचं मूळ बळ १,००,००० पट आहे, आणि बाहेरच्या आवाजाचा शंभरावा हिस्सा आपण उलटा आत सोडला. हिशेब केला की प्रत्यक्ष बळ ९९.९ पट येतं. आता आतले भाग म्हातारे झाले आणि मूळ बळ थेट निम्म्यावर, ५०,००० पटीवर आलं. प्रत्यक्ष बळ किती? ९९.८ पट. आतलं यंत्र अर्धं झिजलं तरी बाहेर फरक पडला हजारात एक. डेसिबलमध्ये सांगायचं तर एका डेसिबलच्या शंभराव्या भागाहूनही कमी. कुठल्याही कानाला हे कळणार नाही.

'मुद्दाम बळ वाया घालवायचं' ही कल्पना तेव्हाच्या जाणकारांना इतकी उलटी वाटली की ब्लॅक यांच्या पेटंटला १९३७ साल उजाडलं. आज मात्र तुमच्या फोनमध्ये, कानाच्या मशीनमध्ये आणि जवळपास प्रत्येक हेडफोन अ‍ॅम्पमध्ये ही युक्ती आहे.

घरातल्या संगीतापर्यंत ती ठळकपणे आणली इंग्लंडमधल्या डी. टी. एन. विल्यमसन यांनी. 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एप्रिल-मे १९४७ मध्ये त्यांनी घरी बांधता येईल अशा अ‍ॅम्पची आकृती दिली, विकार ०.१ टक्क्याच्या आत. जगभरच्या हौशी लोकांनी तो बांधला. मग ट्रान्झिस्टर आले. तारेला तापायचं कारणच उरलं नाही.

त्याच 'वायरलेस वर्ल्ड'मध्ये १९७८ साली जेम्स मॉयर यांनी एका ऐकण्याच्या चाचणीचा वृत्तांत लिहिला. क्वाड कंपनीचे तीन अ‍ॅम्प घेतले होते: १९५३ चा व्हॉल्व्हचा 'क्वाड टू', १९६७ चा ट्रान्झिस्टरचा '३०३', आणि १९७५ चा '४०५'. तीन पिढ्या. ऐकणाऱ्यांना कुठला चालू आहे हे सांगितलं नव्हतं, आवाजाची पातळी जुळवलेली होती. जाणकार कानांनी दिलेली उत्तरं नाणं उडवून द्यावीत तशी निघाली.

यातून 'सगळे अ‍ॅम्प सारखेच' असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही, कारण पुढे एक अडचण येते. पण एवढं नक्की की १९२३ मध्ये ज्या बदलासाठी रात्री माणूस उठायचा, तो पन्नास वर्षांत चांगल्या अ‍ॅम्पमधून जवळपास हद्दपार झाला होता.

'बर्न-इन' हा शब्द कुठून आला

मग मुरण्याची भाषा टिकली कशी? एक धागा शब्दातच आहे.

'बर्न-इन' हा मुळात कारखान्यातला शब्द. इलेक्ट्रॉनिक भाग बिघडतात ते बहुतेक दोन वेळांना: अगदी नवे असताना, कारण बनवण्यात काही खोट राहिलेली असते, आणि खूप जुने झाल्यावर. मधला काळ शांत. हा आलेख काढला तर न्हाणीघरातल्या टबासारखा दिसतो, म्हणून इंजिनिअर त्याला 'बाथटब' म्हणतात. तेव्हा भाग विकण्याआधी मुद्दाम गरम करून चालवायचे, म्हणजे खोटे भाग कारखान्यातच मरतात. अमेरिकी लष्कराच्या १९६८ सालच्या मिल-एसटीडी-८८३ या मानकात यासाठी खास पद्धत आहे, आणि तिच्यातली एक नेहमीची पायरी म्हणजे १२५ अंश सेल्सियसला १६० तास.

म्हणजे काय, तर बर्न-इनमुळे चांगला भाग आणखी चांगला होत नसे. तो होता तसाच राहायचा, आणि वाईट भाग गळून पडायचा. ही चाळणी होती. हौशी श्रोत्यांच्या बोलण्यात मात्र चाळणीचं लोणचं झालं. शब्द तोच, तासांचा आकडाही साधारण त्याच घरातला, पण अर्थ 'तपासणं' सोडून 'पिकणं' झाला.

या नव्या अर्थाला जागा देणारी भाषाही त्याच काळात घडत होती. १९६२ मध्ये जे. गॉर्डन होल्ट यांनी 'स्टिरिओफाइल' सुरू केलं, १९७३ मध्ये हॅरी पिअर्सन यांनी 'द अ‍ॅब्सोल्यूट साउंड'. मोजमापाच्या आकड्यांत आवाजाचं सगळं काही पकडता येत नाही, म्हणून यंत्रासोबत आठवडेच्या आठवडे राहायचं आणि मग ऐकलेलं लिहायचं, ही त्यांची रीत. यातून आवाजाबद्दल बोलायला नवे शब्द मिळाले, ही मोठीच देणगी. पण समीक्षक आठवडेच्या आठवडे एका यंत्रासोबत राहिला, की त्या काळातला प्रत्येक बदल यंत्राच्या नावावर जमा होतो. समीक्षकही त्या आठवड्यांत बदलतो, याची नोंद ठेवायला तिथे रकानाच नव्हता.

जॅकच्या मागे काय होतं

आता हेडफोन अ‍ॅम्पकडे येऊ, कारण इथे खरा फरक ऐकू येतो आणि तो मुरण्याच्या खात्यात चुकून जमा होतो.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत जॉन कॉस यांनी संगीतासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले. पुढे घरगुती अ‍ॅम्पवर हेडफोनचा जॅक दिसू लागला. पण त्या जॅकच्या मागे वेगळा अ‍ॅम्प क्वचितच असायचा. स्पीकरसाठीच्या अ‍ॅम्पचाच प्रवाह एका रेझिस्टरमधून जॅककडे सोडलेला असायचा, म्हणजे हेडफोन जळू नये. त्या वेळच्या हेडफोनना हे चालायचं. सेन्हायझरचा १९६८ चा एचडी ४१४, पिवळ्या स्पंजवाला, तब्बल २००० ओहमचा होता. पुढे आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकातही अ‍ॅम्पच्या बाजूनं १२० ओहम असावेत अशी शिफारस होती.

१ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन आला आणि हेडफोन बॅटरीवर चालू लागले. हेडफोनचा रोध कमी कमी होत गेला. १९९० च्या दशकात फक्त हेडफोनसाठीचे अ‍ॅम्प हा वेगळा धंदा उभा राहिला. माँटानातली हेडरूम ही कंपनी १९९२ ची. त्याच दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी दिलेल्या आकृतीवरून लोक ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा अ‍ॅम्प पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बांधायला लागले. तोच प्रसिद्ध 'सीमॉय'.

रेझिस्टरमधून आलेला आवाज आणि थेट आलेला आवाज वेगळा का लागतो, याचा हिशेब सोपा आहे. बऱ्याच हेडफोनचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा एक हेडफोन मधल्या सुरांना ३०० ओहम आहे आणि खर्जातल्या एका जागी ६०० ओहम. अ‍ॅम्पच्या बाजूला १२० ओहम असतील तर मधल्या सुरांना ७१ टक्के दाब मिळतो आणि त्या खर्जाला ८३ टक्के. म्हणजे खर्ज १.३ डेसिबलनं वर चढतो. हे कानाला कळतं. कुणी त्याला 'गोडवा' म्हणेल, कुणी 'चिखल'. अ‍ॅम्पच्या बाजूला १ ओहम असेल तर हाच फरक ०.०१४ डेसिबल. काहीच नाही.

२०११ मध्ये 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावानं लिहिणाऱ्या एका अज्ञात इंजिनिअरनं हेच मोजून दाखवलं. अ‍ॅम्पच्या बाजूचा रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिस्स्याहून कमी असावा, हा नियम त्यानं हौशी लोकांच्या डोक्यात पक्का बसवला. 'ओ-टू' या स्वस्त अ‍ॅम्पची आकृती त्यानं सगळ्यांसाठी खुली केली आणि २०१२ मध्ये तो कायमचा गप्प झाला. नाव, गाव, काही नाही.

तेव्हा दोन हेडफोन अ‍ॅम्पमध्ये फरक असू शकतो आणि तो ऐकूही येऊ शकतो. पण हा फरक पहिल्या सेकंदाला असतो आणि शंभराव्या तासालाही तेवढाच असतो.

कानाची परीक्षा

यंत्र स्थिर झालं म्हटल्यावर मोजायचं उरलं ते ऐकणाऱ्याला. १९५० मध्ये बेल लॅबच्या मन्सन आणि गार्डनर यांनी एक रचना मांडली: आधी 'अ' ऐकवायचा, मग 'ब', मग तिसरा 'क्ष', आणि विचारायचं की क्ष हा अ आहे की ब? १९७७ च्या सुमारास डेट्रॉइट भागातल्या हौशी मंडळींनी यासाठी बटण दाबून बदलणारी पेटी बनवली, आणि त्यातल्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये ती ऑडिओ इंजिनिअरांच्या संस्थेच्या नियतकालिकात मांडली. हीच एबीएक्स चाचणी.

चाचणी झटपट का, याला कारण आहे. आवाजाचा जसाच्या तसा ठसा मनात फार टिकत नाही. १९६७ मध्ये उलरिक नायसर यांनी या ठशाला 'प्रतिध्वनी-स्मृती' अशा अर्थाचं नाव दिलं, आणि पुढच्या प्रयोगांत त्याचा टिकाव काही सेकंदांचाच निघाला. त्यानंतर उरतं ते आपण केलेलं वर्णन: 'जरा टोचत होता'. म्हणजे शंभर तासांपूर्वीच्या आवाजाशी आजच्या आवाजाची तुलना करतो असं म्हणतो, तेव्हा आपण आजच्या आवाजाची तुलना जुन्या शब्दांशी करत असतो.

पातळीचाही घोळ आहे. एक अ‍ॅम्प अर्ध्या डेसिबलनं मोठा वाजला तर 'हा मोठा आहे' असं वाटत नाही, 'हा जास्त स्वच्छ आहे' असं वाटतं. म्हणून गंभीर चाचणीत पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवतात. व्हॉल्यूमची कळ हातानं फिरवून हे साधत नाही.

मघाशी म्हटलं ती अडचण आता. १९८६ मध्ये लेस लेव्हेंथल यांनी दाखवलं की छोट्या चाचण्या अन्याय करू शकतात. हिशेब घरी करून बघा. १६ वेळा ऐकवलं आणि १२ बरोबर आले, तर नशिबानं तसं होण्याची शक्यता ३.८ टक्के. म्हणून १२ ला पास. पण समजा एखाद्याला खरोखर बारीक फरक कळतोय आणि तो दर दहापैकी सात वेळा बरोबर सांगतो. अशा माणसाची १६ प्रयत्नांत १२ गाठण्याची शक्यता फक्त ४५ टक्के. निम्म्याहून जास्त वेळा तो नापास होणार, कान चांगला असूनही! म्हणून 'एका चाचणीत कळलं नाही' आणि 'फरक नाहीच' यांत अंतर ठेवायला हवं.

यावर समीक्षकांचा आक्षेप असा की घाईत फरक कळत नाही, घरी निवांत ऐकलं की कळतो. क्लार्क आणि मंडळींनी तेही करून पाहिलं. बंद पेट्या बनवल्या. काहींत मुद्दाम २.५ टक्के विकार घालणारं सर्किट होतं, काहींत काहीच नव्हतं. श्रोत्यांनी त्या घरी नेल्या, आठवडेच्या आठवडे आपापल्या यंत्रावर ऐकल्या. विकाराची पेटी कुठली, हे त्यांना ओळखता आलं नाही. झटपट अदलाबदल करून ऐकणाऱ्यांनी मात्र तोच विकार एका बैठकीत पकडला. लांबलचक ऐकण्यानं कान तिखट होण्याऐवजी सवयीचा झाला होता.

ही सवयच आपला हरवलेला बदल आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. नवा अ‍ॅम्प, नवा आवाज, पहिल्या दिवशी थोडी कुरकुर, दहाव्या दिवशी मैत्री. यंत्र जागच्या जागी आहे. आपण सरकलो.

मग यंत्रात काहीच बदलत नाही?

बदलतं. हेडफोनच्या गाद्या दबतात, कानाभोवतीची फट बदलते, आणि बास लगेच बदलतो. व्हॉल्व्हचे हेडफोन अ‍ॅम्प आजही मिळतात. ते तापायला वेळ घेतात आणि काही हजार तासांत व्हॉल्व्ह थकतात. सीमॉयची बॅटरी उतरली की मोठे आवाज चिरकतात. कळेत धूळ बसली की खरखर येते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बराच काळ पडून राहिला तर त्यातला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो आणि वीज मिळाल्यावर पुन्हा भरून येतो. 'मुरण्या'त सत्याचा कण असेलच तर तो हा. पुढे मात्र कपॅसिटर सुकतच जातो. १०५ अंशांना २००० तास असं ज्यावर लिहिलंय, तो दर दहा अंश कमी तापमानाला दुप्पट टिकतो असं धरलं, तर ४५ अंशांना १,२८,००० तास. चोवीस तास चालू ठेवला तरी साडेचौदा वर्षं.

ही यादी पुन्हा वाचा. जवळपास सगळे बदल बिघाडाकडे जाणारे आहेत. मुरण्याच्या कहाण्यांत मात्र अ‍ॅम्प जवळपास नेहमी सुधारतो. 'दोनशे तासांनी माझा अ‍ॅम्प बिघडत गेला' असं कौतुकानं लिहिलेलं क्वचितच सापडतं. बदल यंत्रात असता तर काही यंत्रं चांगल्याकडे, काही वाईटाकडे गेली असती. सगळे बदल एकाच, आपल्याला हव्या त्या दिशेला जात असतील, तर त्यांचा उगम आवडीत शोधावा लागतो.

साक्षीदाराचं काय करायचं

हा प्रश्न माझ्या प्रबंधाच्या गाभ्याचा आहे. माझी बरीचशी साधनं म्हणजे जुन्या मासिकांतली परीक्षणं, कुणीतरी ऐकून लिहिलेलं. अंध चाचणीत टिकत नाही म्हणून ती रद्दीत टाकायची का? मला तसं वाटत नाही. ते लिहिणारे खोटं बोलत नव्हते. त्यांना बदल जाणवला होता आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला. चूक एवढीच, की तो कुठे झाला हे त्यांनी यंत्राच्या बाजूला लिहिलं. ही परीक्षणं अ‍ॅम्पचा पुरावा म्हणून कच्ची आहेत. माणूस ऐकायला कसा शिकतो, याचा पुरावा म्हणून मात्र ती पक्की आहेत.

आपल्या संगीतात ही समज आधीपासून आहे. वर्षानुवर्षं तंबोऱ्याच्या सुरात बसलेल्या शिष्याला पूर्वी न ऐकू येणारा गंधार ऐकू यायला लागला, तर आपण 'तंबोरा मुरला' म्हणत नाही. 'कान तयार झाला' म्हणतो. तंबोऱ्याच्या तारा उतरतात हे आपल्याला माहीत असतं, म्हणून तो दर वेळी लावून घेतो. यंत्र कुठे सरकलं आणि कान कुठे सरकला, याचे दोन हिशेब आपण वेगवेगळे ठेवतो.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर महागडं काही लागत नाही. एकाच मॉडेलचे दोन अ‍ॅम्प मिळवा, एक दोनशे तास वाजलेला, एक कोरा. मित्राचा चालेल. हेडफोन जोडलेला ठेवून एक हजार हर्ट्झचा सूर वाजवा आणि मल्टिमीटरनं दोन्हींचा दाब एक टक्क्याच्या आत जुळवा. मग दुसऱ्या कुणाला तरी नाणं उडवून, तुमच्या नजरेआड, अदलाबदल करायला सांगा. १६ वेळा. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी आणखी १६ वेळा, आणि दोन्ही दिवसांचे आकडे एकत्र धरा. लेव्हेंथल यांची अडचण तेवढी कमी होते. उत्तरं कागदावर लिहा आणि शेवटपर्यंत बघू नका.

आणि विकत घ्यायच्या आधी दुकानदार म्हणाला की "आत्ता नाही आवडणार, शंभर तास द्या", तर एक लक्षात ठेवा. शंभर तासांत अ‍ॅम्प बहुधा होता तसाच राहील, तुम्हाला मात्र त्याची सवय होईल, आणि तोवर परत करायची मुदत संपलेली असेल. तेव्हा परतीची तारीख आधी विचारा.